बारानंतरची खिडकी

आपा,

तुमच्या दारातल्या चपला अजून कमी झाल्या नव्हत्या. मी आतल्या खोलीत तुमच्या सूनबाईंजवळ बसले होते आणि ट्रस्टच्या दवाखान्यातल्या व्यवस्थापकांचा फोन आला. आधी दोन वाक्यं दुःखाची झाली. अपरिमित हानी, न भरून येणारी पोकळी. मग मध्ये श्वाससुद्धा न घेता, "मॅडम, आता आपा नाहीत, तर त्या खिडकीच्या अटीचा एकदा फेरविचार करू या."

कबरीवरची माती वाळली नव्हती, आपा. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. तेवढ्या दुःखातही सूनबाईंनी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली, यावरून ओळखा.

पेपरात तुमच्यावर छापून आलंय. 'मायेची सावली', 'सेवेचा झरा', 'शांत, संयमी नेतृत्व'. शांत? ऑफिसात आपल्या श्रीनिवासच्या ॲपमध्ये चूक सापडल्यावर तुमचा आवाज खालच्या टॉवेलच्या दुकानात जायचा आणि गिऱ्हाईक वर बघायचं. आणि सावली तर तुम्ही मुळीच नव्हता. तुम्ही सोलापूरचं दुपारचं ऊन होता. समोर आलेल्याचं सगळं लख्ख दिसायचं, आणि त्याला घामही फुटायचा.

मी तो लेख कापून ठेवलेला नाही. मी तुमच्याशी भांडायला बसलेय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्या फोननंतर ते आणखी वाढलंय.

भांडण कसलं, ते तुम्हांला ठाऊक आहे. पण हे आणखी चार लोक वाचतील म्हणून सांगते. ट्रस्टच्या दवाखान्यानं केसपेपर काढायचं काम फोनवर नेलं. फोनवरून नाव नोंदवा, फोनवर आकडा येईल, तो सांगा, मग डॉक्टर. त्यांच्या कर्मचाऱ्यांना हे शिकवायला आपल्या कंपनीला बोलावलं. तुम्ही एकच अट घातलीत. एक खिडकी अशी ठेवा, जिथं फोन नसलेल्या बाईनं नुसतं नाव सांगितलं तरी तिचा केसपेपर निघेल. त्यांनी खूप आढेवेढे घेतले आणि खिडकी दिली. पण दुपारी बारापर्यंतच. तुम्ही मान्य केलंत. मी केलं नाही. तेव्हाही नाही.

आपली पहिली भेटसुद्धा अशीच भांडणातली. एका दवाखान्याच्या गेटवर मी पत्रकं वाटत होते. वर ठळक अक्षरांत 'खिडकीतल्या मुजोरांनो, जबाब द्या!' तुम्ही एक घेतलंत आणि उन्हात उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. माझी पत्रकं इतक्या मन लावून कुणी वाचत नसे. लोक त्यात भजी बांधायचे.

"छान लिहिलंयस," तुम्ही म्हणालात. "ही मुजोर बाई कोण?"

"खिडकीत बसते ती."

"ती मीच. इथं नाही, दुसऱ्या दवाखान्यात. 'मोबाईल घेऊन या, मग बघू' हे मी इतक्यांदा बोललेय की झोपेत बोलायचे. माझे मियाँ दचकून उठायचे आणि मोबाईल शोधायचे."

माझ्याकडे मुजोरांसाठी घोषणा होत्या. मुजोर स्वतःच कबूल झाला तर काय म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"शिव्या कुणाला द्यायच्या ते तू ठरवलंस," तुम्ही म्हणालात. "ती बाई उद्यापासून वेगळं कसं बोलेल, ते कोण ठरवणार? ये आमच्या ऑफिसात. आणि ही उरलेली पत्रकं घेऊन ये. मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल."

आले. त्या दिवसापासून माझं नाव पॅम्फ्लेट पडलं ते पडलंच.

टॉवेलच्या दुकानावरची ती खोली, आणि तिथं बसणारे आपण चौघं. दवाखान्यातली नोकरी सोडलेल्या तुम्ही. अक्कलकोटकडचे आपले डॉक्टर, जन्मभर सरकारी आरोग्य खात्यात घालवलेले, चिडले की कानडीत जाणारे. यंत्रमागाच्या घरातला श्रीनिवास, जो कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर करतो आणि मला अक्का म्हणतो, मी लहान असले तरी. आणि सांगोल्याकडची मेंढरं राखणाऱ्या घरातली मी. पाहुणे यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "तुमची लीडरशिप टीम कुठं बसते?" तुम्ही म्हणायचात, "बसायला जागा झाली की बसते. तुम्ही उठलात की दोघं बसतील."

आपल्या कामाला डिजिटल हेल्थ इक्विटी हे इंग्रजी नाव तुम्ही ठेवून घेतलंत, कारण मोठ्या लोकांना इंग्रजीशिवाय काम खरं वाटत नाही. पण मोडनिंबला एका आशाताईनं अर्थ विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्याच्याकडं फोन नाही, त्याचंपण दुखतं. बस्स, एवढंच." डॉक्टरांचं त्यावर अख्खं भाषण तयार होतं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं.

आणि तुमची ती उलटी खिडकी! भंगार बाजारातून आणलेली, काचेला अर्धगोल भोक असलेली खरीखुरी दवाखान्याची खिडकी. टेंपोत घालून आपण ती नातेपुत्याला नेली, वेळापूरला नेली. वर्गात ती उभी करायची, आत तुम्ही, आणि बाहेर रांगेत डॉक्टर, साहेब, व्यवस्थापक. त्यांचे फोन आधीच काढून घेतलेले. हातात एक तडकलेला फोन, तोही नावाला जावयाचा. नोंदणी मुलाच्या नंबरवर, म्हणून आकडा यायचा तो मागच्या बाकावरच्या श्रीनिवासकडे, आणि श्रीनिवास म्हणजे कामावर गेलेला मुलगा.

मोडनिंबचा तो तरुण डॉक्टर आठवतो? इस्त्रीचा शर्ट, वर्गात पहिल्यापासून जांभया.

"आकडा?" तुम्ही. मान वर नाही, डोळे वर नाहीत.

"तो मुलाकडं गेलाय."

"मग मुलाला विचारा."

त्यानं मागं वळून विचारलं. श्रीनिवास म्हणाला, "मागावर आहे मी. आवाज येत नाही. संध्याकाळी बघतो."

"अहो, तो संध्याकाळी बघतो म्हणतोय!"

"मग संध्याकाळी या."

"संध्याकाळी ओपीडी बंद असते!"

"मग उद्या या. पुढचा!"

वर्ग हसत होता, त्याचे कान लाल झाले होते. शेवटी तो खिडकीवर हात आपटून ओरडला, "बाई, मी माणूस आहे!" तेव्हा कुठं तुम्ही मान वर केलीत, इतक्या प्रेमानं बघितलंत आणि म्हणालात, "हौ बेटा. हेच. हे तुझ्या दवाखान्यातल्या बायांना बोलता येत नाही. तू बोललास."

मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की मी बाहेर जाऊन उगाचच टेंपोच्या ड्रायव्हरशी भांडले.

त्या खिडकीत तुम्ही मला बसवायला बघायचात. मी नाही म्हणायचे. मी पिळवणूक करणाऱ्याचं सोंग घेणार नाही, असं काहीतरी बाणेदार बोलायचे. तुम्ही म्हणायचात, "तुला वाटतं तू चांगली आहेस. म्हणून जमत नाही." हेही भांडण राहिलं. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. बघू.

मग माझ्या आईचा डोळा. कडबा उपसताना कुसळ गेलं, डोळा सुजून टोमॅटो झाला. ती यस्टीनं निघाली आणि मला न कळवता थेट ट्रस्टच्या दवाखान्यात गेली, कारण मीच घरी मोठ्या तोंडानं सांगितलेलं, तिथं आमची खिडकी आहे म्हणून. गाडी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. तिथून ती विचारत विचारत ऑफिसात आली, पदरानं डोळा दाबून.

"बंद हाय म्हनली ती पोरगी," आई म्हणाली. "फोन त्या पाटीवरच्या चौकटीला दाखवा म्हनली. मी म्हनलं, फोन न्हाय बाई माज्याकडं, डोळा हाय. त्यो दावू का पाटीला?"

डॉक्टरांनी आईचा डोळा तिथंच बघितला, आणि मी तुमच्यावर तुटून पडले. अर्धी खिडकी म्हणजे फसवणूक, म्हणाले. लांबच्या बाया बाराच्या आत पोचतच नाहीत, मग ही खिडकी कुणासाठी, गावातल्यांसाठी? तुम्ही तडजोड केलीत, आपा, म्हणाले. तडजोड हा शब्द मी तुम्हांला शिवीसारखा वापरला.

"काल तिथं भिंत होती," तुम्ही म्हणालात. "भिंतीवर कुणी वेळेची पाटी लावत नाही."

"मी उद्या गेटवर पत्रकं वाटणार."

"वाट. कुणाविरुद्ध? खिडकीत सुवर्णा बसते, नवरा सोडून गेलेला, पोरगी शाळेत. तिनं बारानंतर खिडकी उघडी ठेवली तर नोकरी तिची जाणार. तुझी नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"शिकवणार."

"मालकच ऐकत नाही तिथं कारकुनाला शिकवून काय उपयोग?"

तुम्ही चहा बशीत ओतलात. आई म्हणाली, "आगं, म्हातारीवर किती वरडतीस," आणि तुम्हीच तिला म्हणालात, "वरडू द्या ओ. तिच्या वरडण्यावरच आमचं दुकान चालतं."

आणि नंतर तुमचं दुखणं निघालं.

हे मी सांगणार, कारण तुम्हीच ते भर वर्गात सांगितलंत. तपासणीला गेलात त्या दिवशी तुमचा फोन बंद पडला होता, म्हणून श्रीनिवासनं घाईत स्वतःच्या नंबरवर तुमची नोंद केली. रिपोर्ट आला तो त्याच्याकडे. त्यानं डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांना एका नजरेत कळलं. आणि दोघांनी ठरवलं की आपांना सावकाश, चांगला दिवस बघून सांगू! गावोगाव जाऊन शिकवणार काय, तर बाईचा रिपोर्ट नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या फोनवर जाऊ देऊ नका. तिचं दुखणं आधी तिला कळलं पाहिजे. आणि हे कंपनीचे दोन खांब!

मला त्यांनी जिन्यात सांगितलं. मी जिन्यातच सुरू झाले. श्रीनिवास "अक्का, हळू, अक्का," करत होता. डॉक्टर "सुम्मने, सुम्मने," म्हणत मला गप्प करत होते. आणि वरून तुमचा आवाज आला, "तो जिना आहे, सभा नाही. वर या, आणि माझं काय ते मला सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. रडला नाहीत. म्हणालात, "म्हणजे माझं दुखणं जिन्याला आधी कळलं, मला नंतर." डॉक्टर लहान पोरासारखे रडले. त्यांच्या पाठीवरून तुम्हीच हात फिरवत होता.

त्यानंतर तुम्ही एकच वर्ग घेतलात, ट्रस्टच्या दवाखान्यात, तिथल्या खिडकीवर बसणाऱ्या सगळ्यांचा. मी नको म्हणत होते, सूनबाई नको म्हणत होत्या. तुम्ही गेलात. आणि पहिल्यांदाच उलट्या खिडकीच्या आत न बसता बाहेर उभ्या राहिलात, रांगेत. डॉक्टर आणि श्रीनिवासला शेजारी उभं केलंत.

"ही माझी टीम," तुम्ही म्हणालात. "हुशार माणसं. माझ्यावर जीव आहे यांचा. तरी यांनी माझा कागद माझ्याआधी वाचला. वाईट म्हणून नाही, घाई म्हणून. वाईट माणसाला मालक हाकलेल. तुमच्या घाईला कुणी हाकलणार नाही, ती तुम्हांलाच हाकलायची आहे."

मी मागं उभी होते. मला वाटलं, केवढी ही बाई, स्वतःच्या मरणाचासुद्धा धडा करते. वर्ग संपल्यावर मी पाणी आणायला गेले, आणि तुम्ही सुवर्णा आणि तिच्या दोन जोडीदारणींना जवळ बसवून काहीतरी बोलत होता. मी आल्यावर थांबलात. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की मला सांगायला हवं होतं, यावर आता भांडता येत नाही.

तर आता तो फोन, आणि त्यानंतरची बैठक. व्यवस्थापक आले, तुमच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून तिच्या बाजूला बसले. मी तयारीनिशी होते. बारापर्यंतची खिडकीसुद्धा हे आता काढून घेणार, असंच धरून चालले होते. पण त्यांची तक्रार वेगळीच निघाली.

"खिडकी ठरली होती बारापर्यंतची," ते म्हणाले. "आम्ही पाळली. पण ती खिडकी बारा वाजता बंदच होत नाही! सुवर्णाला विचारलं तर म्हणते, बाराच्या ठोक्याला जी बाई रांगेत आहे तिचं काम करूनच उठायचं, असं आपांनी सांगितलंय. बरोबर आहे, आमच्या नियमातच आहे ते. पण तिचं होईतो मागं दुसरी उभी राहते! तिच्या मागं तिसरी! ओपीडी उठेपर्यंत रांग संपत नाही. त्या शेवटच्या वर्गापासून रोज हेच चाललंय."

आपा!

रोज दुपारी पडल्या पडल्या तुम्ही कुणाला तरी फोन करायचात. "अजून आहेत का गं? हौ? शाब्बास." मला वाटायचं, सूनबाईंकडे शिवण शिकायला येणाऱ्या बायांची चौकशी करताय. तुम्ही खिडकीची चौकशी करत होता. अंथरुणावरून. आणि मी शेजारी बसून तुम्हांला मोसंबी सोलून देत होते आणि अर्ध्या खिडकीवरून टोमणे मारत होते, आणि तुम्ही ते मोसंब्याबरोबर गिळत होता.

मला का सांगितलं नाहीत? मी खूप विचार केला. सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं असतं, 'श्रमिक महिलांचा विजय असो', आणि तिसऱ्या दिवशी खिडकी बाराला बंद झाली असती. तुम्हांला हे माहीत होतं. बरोबर होतं तुमचं. तरी मला राग आहे. एवढा विश्वास सुवर्णावर आणि माझ्यावर नाही? राग आहे, आणि अभिमान इतका आहे की दोन्ही एकाच वेळी कुठं ठेवायचं कळत नाही.

व्यवस्थापकांनी पुढचं सांगितलं. सुवर्णाला लेखी दिलंय. बाराला खिडकी बंद, नाहीतर कारवाई.

मी उठणार होते. पण माझ्याआधी डॉक्टर उठले. प्रत्येक बैठकीत सगळ्यांना शांत करणारे डॉक्टर. "कारवाई तिच्यावर कशी?" ते म्हणाले. "शिकवलं आम्ही. ती आम्ही शिकवल्याप्रमाणे वागली. हे मी लिहून देतो. आणि खिडकी दिवसभर उघडी राहील असं तुम्ही लिहून द्या, नाहीतर आमचं शिकवणं थांबलं." मग कानडीत आणखी काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही. व्यवस्थापकांना कळलं असावं. "विश्वस्तांपुढं ठेवतो," एवढं म्हणून ते गेले.

त्याच संध्याकाळी सुवर्णाचा फोन. "ताई, लेखी आलंय. उद्या काय करू?"

'लढ' म्हणणं किती सोपं होतं, आपा. मी आयुष्यभर तेच छापत आलेय. मी तिला म्हणाले, "तू तुझं ठरव. बंद केलीस तरी आम्ही तुझ्याच बाजूचे. पण उद्या बाराला आम्ही तिघं तिथं आहोत."

गेलो. सुवर्णाच्या मागं भिंतीला लागून आम्ही तिघं उभे राहिलो. डॉक्टरांनी लिहून आणलेला कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, या बाई आमच्या शिकवण्याप्रमाणे वागत आहेत, आणि खाली तिघांच्या सह्या. बारा वाजले. सुवर्णानं घड्याळाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. तिनं खिडकी उघडी ठेवली.

थोड्या वेळानं व्यवस्थापक खाली आले. बाहेरून, रांगेच्या बाजूनं. खिडकीच्या थेट समोर येऊन उभे राहिले, कागद वाचला, मला बघितलं.

"काय, आता घोषणा देणार का?"

घोषणा तोंडात होती. शप्पथ, अगदी ओठावर होती. पण त्यांच्या पाठीमागं एक म्हातारी उभी होती, काखेत पिशवी, आणि त्यांच्या खांद्यामुळे तिला खिडकी दिसत नव्हती.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "जरा सरकता का? मावशींचा नंबर आहे."

मग मागं वळून त्यांनी म्हातारीकडे बघितलं. मागच्या सगळ्या रांगेकडे बघितलं. आणि सरकले.

म्हातारी पुढं आली, काचेच्या भोकाशी तोंड नेलं. "फोन न्हाय बरं का बाई माज्याकडं. आदीच सांगती."

सुवर्णा म्हणाली, "फोन राहू द्या, मावशी. काय होतंय ते सांगा."